ओरल वेगळी आणि सोडवलेलं समजावणं वेगळं

असाइनमेंटमधलं गणित बोलून समजव म्हटलं की दर सेमला एक तरी पोरगा विचारतोच, "सर म्हणजे ओरलच ना?" नाही रे बाबा!

ओरल काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, एक्सटर्नल येतात, चहा होतो, चार डेफिनेशन विचारतात, मार्क पडतात. तिकडे वही बंद आणि इकडे उघडी, हे फरक किरकोळ, सोडून द्या.

घोळ होतो तो पुढे. ओरलची सवय असल्यामुळे पोरं इथेही धडाधड स्टेप वाचतात, "आरए पाच, आरबी पाच, मोमेंट डब्ल्यूएल बाय फोर, दहा, झालं सर." (आरए, आरबी म्हणजे दोन टोकांच्या टेकूंनी घेतलेला भार, मोमेंट म्हणजे वाकवणारा जोर, भार गुणिले अंतर, आणि डब्ल्यू म्हणजे भार, एल म्हणजे लांबी.) हे वाचन झालं, आणि एसटीत बसून छापलेली वहीसुद्धा असंच वाचता येते.

आता आपल्या वहाळावरचा साकव घ्या, ४ मीटरचा, दोन्ही काठांवर नुसता टेकलेला, बरोबर मधे १० किलोन्यूटन लोड. मी विचारतो, तो फोर आला कुठून? "फॉर्म्युलाच तसा आहे" हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. अरे, अर्धा भार या काठाने घेतला म्हणजे ५, काठापासून मध्यापर्यंत अंतर अर्धं म्हणजे २ मीटर, पाच दुणे दहा, दोन वेळा अर्धं केलं म्हणून फोर, एवढंच तर आहे. मग तोच साकव, म्हणजे आपला बीम, एका टोकाला जाम करा, दुसरं टोक मोकळं सोडा, लोड त्या मोकळ्या टोकावर ठेवा. आता सगळे १० पूर्ण ४ मीटरवर, म्हणून मोमेंट ४०, तोही जाम केलेल्या टोकाशी, आणि ताण वरच्या बाजूला, म्हणून छज्ज्याची मेन सळई वर टाकतात. ज्याने नुसतं वाचलं तो इथे गप्प होतो.

आणि मला ते गप्प होणंच हवं असतं! ओरलमध्ये अडलात तर मार्क गेले म्हणून तिकडे काहीतरी ठोकून द्यायचं असतं, इथे जिथे अडलं तिथूनच पुढचा अभ्यास. १९८९ साली मिशलिन ची (Chi) या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेकॅनिक्सची सोडवलेली उदाहरणं वाचताना मुलांना मोठ्याने बोलायला लावलं होतं, तर ज्यांना नंतर गणितं चांगली जमली ती मुलं स्वतःशीच जास्त खुलासे करत होती, आणि "हे कळलं नाही" असंही जास्त वेळा म्हणत होती.

म्हणून मी याला मार्क ठेवत नाही. काही सर लोक हे कोणी छापलंय ते पकडायला वापरतात, मला अजिबात पटत नाही, पोरं लगेच ओरलच्या मोडमध्ये जातात आणि परत पाठांतर चालू. इंग्लिशची सक्तीही नको. कुडाळकडचा एक जण इंग्लिशमध्ये तीनदा अडखळला, म्हटलं मालवणीत सांग, तर म्हणाला "साकव मधीच वाकतलो, काठार कसो वाकात?" काठावर मोमेंट शून्य का, ते त्याला बरोबर कळलं होतं.