घातक कचऱ्याची परीक्षा माशांकडे कशी आली

कारखान्यातला गाळ, भट्टीची राख, पिंपात उरलेले रसायन यांतले घातक काय, हे ठरवायचे कोणी? अमेरिकेत कचऱ्याच्या व्यवस्थापनासाठी केलेल्या १९७६ च्या आरसीआरए कायद्यानंतर १९८० साली केंद्रीय निकष आले. कचरा पेट घेतो का, गंजवतो का, भडकून प्रतिक्रिया देतो का आणि त्यातून ठरावीक १४ द्रव्ये पाझरतात का, एवढेच त्यात पाहिले जाई. त्या चौदांत आठ धातू होते, बाकीची कीटकनाशके आणि तणनाशके. पंधरावे विष असेल तर ते या चाळणीतून सरळ खाली पडणार.

कॅलिफोर्नियाने ही फट बुजवली. राज्याच्या 'टायटल २२' नियमांत एक कसोटी माशांची आहे. लिटरभर पाण्यात ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कचऱ्याने ९६ तासांत निम्मे मासे मरत असतील, तर तो कचरा घातक. फॅटहेड मिनो, रेनबो ट्राउट किंवा गोल्डन शायनर यांपैकी कोणताही मासा चालतो. राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याच्या प्रयोगशाळेने या चाचणीची कार्यपद्धती लिहून काढली. तिची १९८८ ची आवृत्ती नियमातच नमूद आहे.

चाचणीची कल्पना मात्र जुनी. १९४५ मध्ये हार्ट, डूडोरॉफ आणि ग्रीनबँक यांनी औद्योगिक सांडपाण्याचे विष माशांवर कसे मोजायचे याची पद्धत मांडली. ती छापली फिलाडेल्फियातल्या एका तेलशुद्धीकरण कंपनीने. १९५१ मध्ये डूडोरॉफ आणि सहकाऱ्यांनी ती सर्वांसाठी प्रमाणित केली. विषाच्या कोणत्या प्रमाणात निम्मे मासे तगतात, हा आकडा तेव्हापासून रूढ झाला. त्यालाच आज एलसी-५० म्हणतात.

सांडपाणी थेट टाकीत ओतता येते, कचऱ्याचे तसे नाही. चिकट गाळ आधी तोलायचा, मग ढवळून, हलवून पाण्यात विरघळवायचा. विरघळत नसेल तर निदान पसरवायचा. पाणीही मृदू लागते: कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात कठीणपणा लिटरला ४० ते ४८ मिलिग्रॅम. यामागचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. कठीण पाण्यातले कॅल्शियम माशाच्या कल्ल्यांवर तांबे, जस्त यांची जागा अडवते आणि विष सौम्य भासते. मृदू पाण्यात अशी ढाल नसते. शेजारच्या टाकीत त्याच खेपेचे मासे नुसत्या पाण्यात ठेवतात. तेच मरू लागले तर सगळी चाचणी रद्द.

ही परीक्षा यादीवर नव्हे, माशांवर चालते; म्हणूनच साबण-शाम्पूसारख्या घरगुती वस्तूही या कसोटीत अडकतात. माणसाच्या केसांना त्रास न देणारा फेस माशाचे कल्ले निकामी करतो, हे धातूंच्या यादीतून कधीच कळले नसते.

महाराष्ट्रातल्या कारखान्यांनाही ही ९६ तासांची मुदत परिचित आहे. आपल्याकडच्या सांडपाणी मानकांनुसार निव्वळ, पातळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहायला हवेत. मात्र ती परीक्षा सांडपाण्याची, घनकचऱ्याची नव्हे.

माशांचे हाल टाळण्याची धडपडही सुरू आहे, आणि ती व्हायलाच हवी. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये झेब्राफिशच्या भ्रूणांवरची चाचणी आणि २०२१ मध्ये ट्राउटच्या कल्ल्यांच्या पेशींवरची चाचणी मान्य केली. दुसऱ्या चाचणीत अख्खा मासा लागतच नाही; प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी किती जगल्या ते मोजतात, तेही २४ तासांत.