खनिज शुद्धीकरण : धातुके आणि कोळसा

खनिज शुद्धीकरण म्हणजे खाणीतून निघालेल्या धातुकातली किंवा कोळशातली माती, दगड आणि इतर नको असलेला भाग वेगळा काढून उरलेला माल भट्टीला, बॉयलरला किंवा रसायनांच्या कारखान्याला चालेल असा करणे. यात धातू तयार होत नाही. लोहखनिज आत जाते आणि लोहखनिजच बाहेर येते, फक्त त्यातले लोहाचे प्रमाण वाढलेले असते. धातू गाळणे हे पुढचे, भट्टीचे काम. शाळेच्या पुस्तकात या प्रक्रियेला धातुकाचे ‘संहतीकरण’ आणि काढून टाकलेल्या भागाला ‘मृदा अशुद्धी’ म्हणतात. प्रत्यक्ष कारखान्यात मात्र ‘बेनिफिसिएशन’ आणि ‘टेलिंग’ हेच शब्द ऐकू येतात, तर चंद्रपूर-यवतमाळकडे कोळशापुरता एकच शब्द पुरतो : वॉशरी.

तत्त्व घरातलेच आहे. तांदूळ रोळताना भांड्याला हलके हेलकावे देत वरचे तांदूळ पाण्यासोबत दुसऱ्या भांड्यात ओतत जातात. खडे जड, ते तळाशी राहतात. पाखडताना हेच काम वारा करतो. सराफकट्ट्यावरचे झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर आणि राख विकत घेऊन ती धुतात व त्यातले सोन्याचे कण मिळवतात. सोन्याची सापेक्ष घनता १९.३ आणि मातीची अडीचच्या आसपास, त्यामुळे पाण्याला निवड करणे सोपे जाते. झारेकऱ्याचा धंदा म्हणजे खनिज शुद्धीकरणच, त्याची खाण तेवढी सोनाराच्या पाटाखाली असते.

खडक मात्र तांदळासारखा सुटा येत नाही. त्यात हवे ते खनिज आणि नको ती गारगोटी एकमेकांत घट्ट रुतलेली असतात, चिक्कीत शेंगदाणे रुततात तशी. चिक्कीचे मोठे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यात गूळही येणार आणि दाणाही. दाणा सुटा हवा असेल तर त्याच्या आकाराइतके बारीक फोडावे लागते. म्हणून आधी जबड्यासारखा जॉ क्रशर, मग कोन क्रशर, मग पोलादी गोळ्यांनी भरलेली फिरती बॉल मिल, असा दगडाचा प्रवास होतो. धातुक बारीक दळणाऱ्या कारखान्यात सर्वांत जास्त वीज इथेच जाते. पण फार दळूनही चालत नाही. काही मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पीठ झाले की कण पाण्यात नीट खाली बसत नाहीत, बुडबुड्याला चिकटत नाहीत आणि सरळ गाळात वाहून जातात. किती दळायचे, हा या विद्येतला निम्मा प्रश्न.

उरलेला निम्मा दोन आकड्यांचा. एक मालाची प्रत, म्हणजे त्यात हवे ते खनिज किंवा धातू किती टक्के आहे. दुसरा उतारा. साखर कारखान्यात उसाचा उतारा काढतात तसाच इथेही निघतो : मूळ दगडातल्या धातूपैकी किती टक्के आपल्या हाती आला. समजा १ टक्का तांबे असलेले १०० टन धातुक घेतले, ९० टक्के उतारा मिळाला आणि मालाची प्रत २५ टक्के आली. हाती आलेला माल ३.६ टन. उरलेल्या ९६.४ टन पिठाचे काय करायचे, हे हिशेबाच्या वहीत शेवटी येते आणि जमिनीवर सगळ्यात आधी दिसते. प्रत वाढवायला गेले की उतारा घटतो आणि उतारा वाढवायला गेले की प्रत उतरते. दोन्ही एकदम वाढवून देतो असे कुणी यंत्र विकताना सांगू लागला, तर आधी चाचणीचे कागद मागावेत.

कोळसा धुणे : भारतीय कोळसा बहुतांशी गोंडवना काळातला. वनस्पतींचे अवशेष नद्यांच्या पाण्यासोबत वाहत येऊन गाळाबरोबर साचले, असे त्याबद्दल मानले जाते. त्यामुळे दगडाचा अंश वेगळ्या थरात न राहता कोळशाच्या अंगात मुरलेला आहे. युरोपातल्या पुष्कळ कोळशात दगड आणि कोळसा ठळकपणे वेगळे असतात आणि धुतले की फटकन सुटे होतात. आपल्याकडे वीज केंद्रांना जाणाऱ्या कोळशात ३५ ते ४५ टक्के राख ही नवलाची गोष्ट नाही. ४० टक्के राखेचा ४,००० टन कोळसा एका मालगाडीत भरला, तर त्यातले १,६०० टन जळण नसून राखच आहे. रेल्वे तिचे भाडे घेते, गिरणी ती दळते, बॉयलर ती तापवतो आणि शेवटी ती राखेच्या तलावात जाते.

एखादा कोळसा धुण्याजोगा आहे की नाही, हे प्रयोगशाळेत ‘तरंगबुड’ चाचणीने ठरते. झिंक क्लोराइडची द्रावणे १.३, १.४, १.५ अशा चढत्या घनतेची करून बादल्यांत ओळीने ठेवतात. जाळीच्या टोपलीत कोळशाचा नमुना घेऊन पहिल्या बादलीत बुडवायचा, तरंगला तेवढा झाऱ्याने काढून घ्यायचा, बुडालेला पुढच्या बादलीत न्यायचा. प्रत्येक बादलीतला तरंग धुऊन, वाळवून, तोलून जाळतात आणि राख मोजतात. अस्सल कोळसा १.३-१.४ घनतेलाच वर येतो, दगड २ च्या पुढच्या घनतेलाही बुडतो. भारतीय कोळशाची पंचाईत अशी की मधल्या बादल्यांतच गर्दी होते. धड कोळसा नाही आणि धड दगडही नाही, असा माल एवढा निघतो की कोळसा आणि दगड ज्या घनतेला वेगळे करायचे ती रेघ जराशी हलली तरी टनांनी कोळसा इकडचा तिकडे जातो.

वॉशरीत हेच काम जिग करतो. त्याच्या जाळीखालून पाणी मिनिटाला चाळीस-साठ वेळा उसळते, कोळशाचा थर श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि बसतो. दर बसण्याला जड तुकडा किंचित खाली आणि हलका किंचित वर सरकतो. नेमकेपणा हवा असेल तर मॅग्नेटाइट या काळ्या लोहखनिजाची पूड पाण्यात मिसळून त्या पाण्याचीच घनता १.४ ते १.८ पर्यंत वाढवतात. मग कोळसा तरंगतो आणि दगड बुडतो. मॅग्नेटाइटच निवडण्याचे कारण व्यवहारी आहे : काम झाले की चुंबकाने ते परत गोळा करता येते.

देशातल्या पहिल्या वॉशरी पोलादासाठी लागणाऱ्या कोकिंग कोळशाकरिता, आजच्या झारखंडातल्या पश्चिम बोकारो आणि जामाडोबा इथे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उभ्या राहिल्या. लोखंड गाळणाऱ्या झोतभट्टीला १८ टक्क्यांच्या वर राख सोसत नाही, त्यामुळे तिथे धुण्यावाचून गत्यंतर नव्हते. विजेच्या कोळशाबाबत मात्र धोरणच हेलकावे खात आले. खाणीपासून १,००० किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या वीज केंद्रांनी ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा वापरू नये, असा नियम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १९९७ मध्ये काढला. २०१४ मध्ये हे अंतर टप्प्याटप्प्याने ५०० किलोमीटरवर आणायचे ठरले आणि मे २०२० मध्ये ही अटच काढून टाकली. धुण्याच्या विरोधातला युक्तिवाद पोकळ नाही. धुतलेला कोळसा ओला असतो, ते पाणी उडवण्यात उष्णता जाते आणि ‘रिजेक्ट’ म्हणून बाजूला टाकलेल्या मालातही जळण उरतेच. ते जाळायला वेगळ्या धाटणीचा, फ्लुइडाइज्ड बेडचा (खालून हवा सोडून जळणाचा थर उसळता ठेवणारा) बॉयलर लागतो. विदर्भात रिजेक्टच्या नावाखाली चांगला कोळसा खुल्या बाजारात जातो, हे आरोप अनेकदा झाले आहेत. प्रत आणि उतारा मोजणारा माणूस आणि माल विकणारा माणूस एकाच छपराखाली बसला की असा संशय येणारच.

फेनतरण : तांबे, जस्त आणि शिशाच्या सल्फाइड धातुकांना घनतेची पद्धत अपुरी पडते. दळलेल्या धातुकाच्या लगद्यात थोडे पाइन तेल आणि झँथेटसारखे रसायन घालून खालून हवा सोडतात. रसायनाने सल्फाइडचा कण तेलकट, पाण्याला नकोसा होतो, बुडबुड्याला धरून वर येतो आणि फेसात साठतो. गारगोटी पाण्यातच भिजत राहते. गंमत अशी की जड धातूचा कण वर आणि हलका दगड खाली, म्हणजे रोळण्याच्या अगदी उलटे. तेलाने धातुक वेगळे करण्याचे एक पेटंट अमेरिकेत कॅरी एव्हरसन या स्त्रीने १८८६ मध्ये मिळवले होते, पण तेव्हा त्याकडे कुणी फारसे वळले नाही. ही पद्धत कारखानदारीत रुजली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल इथे. तिथे शिसे आणि चांदी काढून झाल्यावर जस्ताने भरलेल्या गाळाचे डोंगर साठले होते आणि ते जस्त कोणत्याही जुन्या पद्धतीने निघत नव्हते. या विद्येतला बहुधा सर्वांत मोठा शोध असा कचऱ्याच्या ढिगाने लावायला भाग पाडले. महाराष्ट्राच्या सीमेजवळ, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याचे धातुक याच पद्धतीने धरतात.

चुंबकीय पद्धतीबद्दल फार सांगण्यासारखे नाही : मॅग्नेटाइट साध्या चुंबकाला येते, हेमॅटाइट (लालसर लोहखनिज) आणि मँगनीज धातुकांना तीव्र क्षेत्र लागते. बॉक्साइटातून ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) काढणारी बायर पद्धती आणि सोन्याची सायनाइड पद्धती (दोन्ही १८८० च्या दशकाच्या अखेरच्या) यांना अपक्षालन म्हणतात. त्यात खनिज विरघळते, म्हणून त्या रसायनशास्त्राच्या हद्दीत मोडतात.

गोव्याचे लोहखनिज : डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतले धातुक बरेचसे भुसभुशीत आणि चिकणमातीने माखलेले. त्या मातीतले ॲल्युमिना झोतभट्टीला नकोसे असते. म्हणून खाणीजवळच धातुक पाण्यात घुसळून, कण निवडणाऱ्या क्लासिफायर आणि हायड्रोसायक्लोन या यंत्रांमधून काढून माती वेगळी करत. स्वच्छ माल ट्रकने जेटीवर, तिथून बार्जने मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदरात आणि पुढे आधी मुख्यतः जपानला, नंतर चीनला. लाल पाणी तलावात साठवत. पण कोकणपट्टीचा पाऊस तलावाचे बांध बघून पडत नाही. खाणपट्ट्यातल्या शेतात पावसानंतर साचणारा तो तांबडा, गुळगुळीत थर सुकला की खपली धरतो आणि त्यातून भाताचे रोप वर येणे कठीण होते.

चीनची मागणी वाढली तसे पूर्वी हलक्या प्रतीचे म्हणून टाकून दिलेले ढीग, म्हणजे डंपही विकले जाऊ लागले. भारतीय खाण ब्यूरोने हेमॅटाइटसाठी धातुक मानायची किमान मर्यादा ५५ वरून ४५ टक्के लोहावर आणल्याने आधीचा कचरा कागदोपत्रीही खनिज झाला. २०१०-११ मध्ये गोव्याची निर्यात ५ कोटी टनांच्या वर गेली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. या सगळ्या काळात ‘डंप कुणाचा?’ हा प्रश्न कोर्टात, विधानसभेत आणि गावच्या ग्रामसभेतही घोळत राहिला.

नागपूर हे या विषयाचे देशातले एक मोठे केंद्र, जरी बाहेर ते संत्र्यांसाठीच ओळखले जाते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आणि खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा इथे आहे, शिवाय मँगनीज काढणारी मॉइल आणि कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपन्यांची मुख्यालयेही. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांना लागते. मँगनीजच्या खाणींवर हातनिवड फार काळ टिकली : बायका ढिगाशी बसून हातोडीने तुकडा फोडत, हातात तोलून बघत आणि वजनावरून तो कुठल्या ढिगात टाकायचा ते ठरवत. घनतेची चाचणी तीच, बादल्यांशिवाय.

दळून मिळालेला बारीक माल झोतभट्टीत तसाच टाकता येत नाही. हवा अडते. म्हणून त्यात बेंटोनाइट माती मिसळून लाडवांसारखे ८ ते १६ मिलिमीटरचे गोळे वळतात आणि १,२५०-१,३०० अंश सेल्सिअसला भाजतात. यांना पेलेट म्हणतात.

टेलिंगचा गाळ बांधामागे साठवणे हा सगळीकडचा शिरस्ता आहे आणि सर्वांत धोक्याचा भागही तोच. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथला लोहखनिजाच्या गाळाचा बांध २५ जानेवारी २०१९ रोजी फुटला आणि २७० माणसे गेली. त्याच राज्यात मारियानाजवळ २०१५ मध्ये असाच बांध फुटून १९ जण दगावले होते. कर्नाटकात कुद्रेमुखला हलक्या प्रतीचे मॅग्नेटाइट शुद्ध करून त्याचा लगदा सुमारे ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळुरूला जात असे. तुंगा आणि भद्रा यांच्या उगमाजवळची ही खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००५ च्या अखेरीस बंद झाली. मंगळुरूचा पेलेट कारखाना पुढे बाहेरचे खनिज आणून चालू राहिला. खाणीचा गाळ मात्र डोंगरातच आहे, सुमारे १०० मीटर उंचीच्या लाक्या बांधामागे.