पीळ रोमन, दाणा दख्खनी

‘डमास्कस’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सुरीचा फोटो आला की खाली कुणीतरी हमखास लिहितो, ‘अरे, हे तर आपलंच उक्कू पोलाद!’ उक्कू म्हणजे दख्खनमध्ये मुशीत वितळवून केलेलं जुनं पोलाद. ही सुरी सहसा त्याची नसते. लाटालाटांची नक्षी असली, तरी ती सुरी घडणीने रोमन तलवारीच्या गोतातली.

इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली रोमन ‘स्पाथा’, म्हणजे लांब तलवार, घ्या. लोहार वेगवेगळ्या जातीच्या लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक रचायचा, तापवून घणाखाली एकजीव करायचा आणि ती कांब लाल असतानाच पिळायचा. अशा कांबी शेजारी शेजारी जोडून पात्याचा मधला भाग व्हायचा. धारेची पट्टी वेगळी. घासून आम्ल लावलं की जास्त फॉस्फरसचं लोखंड उजळ राहतं, बाकीचं काळवंडतं. शेजारच्या कांबींना उलटसुलट पीळ असेल तर माशाचा काटा उमटतो.

डेन्मार्कमधल्या न्यूडामच्या दलदलीत पुरातत्त्वज्ञ एंगेलहार्टने १८५९ ते १८६३ मध्ये शंभरावर तलवारी काढल्या. बहुतेक पिळाच्या, काहींवर रोमन ठसे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पातं गंजलं तरी एक्स-रेमध्ये पीळ दिसतो.

हे सगळं ताकदीसाठी होतं का? कित्येक पात्यांत पिळाचा थर वरवरचाच, आत साधं लोखंड. इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सच्या रोमन किल्ल्यात सापडलेल्या तलवारीवर तर युद्धदेव मार्स आणि गरुड पितळी जडावात आहेत. माझा कौल थाटाकडे.

उक्कूत ना जोड, ना पीळ. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत मातीच्या बंद मुशीत लोखंड वितळवायचे. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन मुरायचा. मूस सावकाश निवली की आत पोलादाचा लहानसा गोळा. तो बेताच्या आचेवर ठोकत गेलं की कार्बाइडचे, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या कठीण संयुगाचे, कण ओळी धरतात आणि आम्ल लावल्यावर पाण्यासारखी नक्षी दिसते. आच चढली की नक्षी गेली!

म्हणून भिंग लावून बघा. जोडाच्या पात्यात रेघ म्हणजे सलग थर, बोटाने माग काढता येईल असा. उक्कूची रेघ जवळून पाहिली की फुटते. उरतात बारीक पांढरे दाणे, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे.