उंबरठा कोण आधी ओलांडतो?

२७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर विकत घेतले, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत लाखो लोकांनी मॅस्टोडॉन या मंचावर खाती उघडली. तोवर तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर हे नाव फारसे कोणी ऐकलेले नव्हते. पाहता पाहता तेथील मासिक सक्रिय सदस्यांची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली आणि पुढच्या काही महिन्यांत ती बरीच खालीही आली. दोन वर्षांनी, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर, दुसरी लाट उठली. पण या वेळी लोक ब्लूस्कायकडे वळले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आठवडाभरातच तेथील खाती दीड कोटींवरून दोन कोटींवर गेली. दोन्ही मंच विकेंद्रित म्हणवतात आणि एकाच मालकाच्या हाती सगळे असू नये हेच दोघांचे म्हणणे आहे. मग एकदा हा आणि एकदा तो, अशी निवड लोकांनी कशाच्या आधारे केली?

विकेंद्रित म्हणजे काय, हे ईमेलवरून चटकन समजते. आपले खाते एका कंपनीकडे आणि मित्राचे दुसऱ्या कंपनीकडे असले तरी पत्रव्यवहार अडत नाही, कारण दोन्हीकडचे सर्व्हर, म्हणजे खाती आणि संदेश सांभाळणारे संगणक, एकच नियमावली पाळतात. जर्मनीतील ऑयगेन रोखको यांनी २०१६ साली सुरू केलेले मॅस्टोडॉन याच तत्त्वावर चालते. त्याचे हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालक वेगळा आणि नियमही वेगळे. हे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या नियमावलीने एकमेकांशी बोलतात. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये या नियमावलीला मान्यता दिली. ब्लूस्कायचा उगम २०१९ साली खुद्द ट्विटरने हाती घेतलेल्या एका प्रकल्पात आहे. त्याची रचना वेगळी आहे: माणसाची ओळख, त्याच्या मजकुराची साठवण, सगळीकडचा मजकूर गोळा करणे आणि तो वाचकापुढे मांडणे ही कामे तेथे सुटी केलेली आहेत आणि तत्त्वतः प्रत्येक काम वेगळ्या संस्थेला करता येते.

ही तुलना वाचून कोणी मंच निवडतो, असे मात्र मला वाटत नाही. या निवडीचा उलगडा संगणकशास्त्रापेक्षा समाजशास्त्रात अधिक चांगला होतो, आणि त्यासाठी १९७८ सालच्या एका शोधनिबंधाकडे जावे लागते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने त्यात उंबरठ्याची कल्पना मांडली. एखादी गोष्ट करण्यापूर्वी आणखी किती जणांनी ती केलेली असावी, ही प्रत्येकाची अट निराळी असते. ती अट म्हणजे त्याचा उंबरठा. शंभर जणांचा जमाव घ्या. पहिल्याला कोणाचीच वाट पाहायची नाही, दुसऱ्याला एकाची सोबत हवी, तिसऱ्याला दोघांची, आणि असे करत शेवटच्याला नव्याण्णव जणांची. पहिला पुढे सरताच दुसऱ्याची अट पुरी होते, मग तिसऱ्याची, आणि अखेर शंभरच्या शंभर जण सामील होतात. आता फक्त दुसरा माणूस बदला आणि त्याच्या जागी दोघांची सोबत मागणारा माणूस आणा. पहिला पुढे जातो आणि साखळी तिथेच थांबते. दोन्ही जमावांतील माणसे जवळजवळ सारखीच आहेत, पण एकीकडे शंभर जण हलले आणि दुसरीकडे एकच.

समाजमाध्यम बदलताना नेमके हेच घडते. ज्यांच्याशी आपले बोलणे होते ती माणसे जिथे आहेत तिथेच मंचाला किंमत असते, त्यामुळे प्रत्येक जण इतरांकडे पाहत थांबतो. भारतात याचा अनुभव नोव्हेंबर २०१९ मध्येच आला. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केल्यावर अनेक भारतीयांनी निषेध म्हणून मॅस्टोडॉनवर खाती काढली. कारण जिव्हाळ्याचे होते आणि रागही खरा होता. पण प्रत्येकाच्या ओळखीचे बहुतेक लोक जुन्याच जागी राहिले आणि ती लाट ओसरली. पुढे, २०२२ च्या स्थलांतरात ट्विटरवरून मॅस्टोडॉनवर गेलेल्या सुमारे १,३६,००० लोकांचा माग काढणारा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस जातो की नाही, यावर त्याच्या ओळखीच्या जाळ्याचा मोठा प्रभाव असल्याचे त्यात दिसले. त्यातील आणखी एक निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो: हजारो सर्व्हर उपलब्ध असूनही लोकांचा ओढा थोड्याच मोठ्या सर्व्हरांकडे होता, म्हणजे विकेंद्रित घरात येऊनही माणसे पुन्हा एकाच खोलीत दाटी करत होती.

त्यांना दोष देता येणार नाही. मॅस्टोडॉनच्या दारात पाऊल ठेवताच पहिला प्रश्न यायचा: तुम्ही कोणत्या सर्व्हरवर राहणार? ज्याला सर्व्हर म्हणजे काय हेच नीट ठाऊक नाही, त्याने याचे उत्तर कसे द्यावे? २०२३ मध्ये मॅस्टोडॉनच्या अधिकृत ॲपने नव्या माणसाला सरळ आपल्या मुख्य सर्व्हरवर नेण्याची सोय केली, तेव्हा जुन्या सदस्यांतील काहींना ती विकेंद्रीकरणाशी प्रतारणा वाटली. ब्लूस्कायने हा प्रश्न सुरुवातीपासूनच टाळला: खाते उघडा, कंपनीच्या सर्व्हरवर राहा, बाकीचे पुढे पाहता येईल. शिवाय २०२४ च्या जूनमध्ये तेथे ‘स्टार्टर पॅक’ आले. खगोलशास्त्रज्ञांची, पत्रकारांची किंवा एखाद्या गावच्या मंडळींची यादी कोणीही करून ठेवावी आणि नव्याने आलेल्याने एका कळीसरशी त्या सर्वांना फॉलो करावे, अशी ही सोय आहे. ग्रॅनोव्हेटरच्या भाषेत सांगायचे तर हिने उंबरठेच खाली आणले, कारण एकेकट्याने नव्हे तर गटाने स्थलांतर करणे शक्य झाले.

ब्राझीलमध्ये तर उंबरठ्यांचा प्रश्नच उरला नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी एक्स (म्हणजे पूर्वीचे ट्विटर) बंद करण्याचा आदेश दिला, सगळ्यांना एकाच वेळी जागा सोडावी लागली आणि काही दिवसांतच ब्लूस्कायवर वीस लाखांहून अधिक नवी खाती उघडली गेली.

तरीही सारे श्रेय गर्दीला देणे योग्य नाही. त्या त्या जागेचा स्वभावही माणसे ओढतो किंवा दूर ठेवतो. दुसऱ्याचा संदेश उद्धृत करून त्यावर आपला शेरा मारण्याची ट्विटरवरची सोय मॅस्टोडॉनने वर्षानुवर्षे जाणीवपूर्वक दिली नाही, कारण तिने टवाळीला बळ मिळते अशी निर्मात्यांची धारणा होती. ज्यांना शांत गप्पा हव्या होत्या त्यांना हे मानवले. ज्यांची सारी चर्चाच अशा उद्धरणांतून चालत असे, त्यांना मात्र तेथे गुदमरल्यासारखे झाले. मॅस्टोडॉनवर संदेश काळाच्या क्रमाने दिसतात. ब्लूस्कायवर कोणीही स्वतःच्या निकषांनी निवडलेल्या संदेशांचा प्रवाह तयार करून इतरांना देऊ शकतो. मराठीत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही शेवटची सोय मोलाची आहे. त्याला कोट्यवधींची गर्दी नको असते. आवर्जून वाचणारी आणि उत्तर देणारी तीस-चाळीस माणसे त्याला पुरतात. पण आधीच गट लहान असल्याने त्यातली दोन-तीन माणसे न आली तरी साखळी तुटू शकते.

या सगळ्यात जी बाजू सहसा पाहिली जात नाही ती बाहेर पडण्याची. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर अनुयायी नव्या पत्त्यावर आणता येतात, पण जुने संदेश मागेच राहतात. आणि अनुयायी आणण्यासाठीही जुना सर्व्हर चालू असावा लागतो, कारण ‘हा माणूस तिकडे गेला’ ही वर्दी त्यानेच द्यायची असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘क्वीअर डॉट एएफ’ हा सर्व्हर अचानक बंद पडला. त्याच्या पत्त्यातील शेवटची दोन अक्षरे अफगाणिस्तानची आहेत आणि तालिबान सरकारच्या मंत्रालयाने तो पत्ताच काढून घेतला होता. ज्यांनी तोवर आपले बिऱ्हाड हलवले नव्हते, त्यांची वर्दी द्यायला कोणी उरले नाही. ब्लूस्कायच्या रचनेत ओळख सर्व्हरपासून वेगळी ठेवलेली असल्याने, मजकुराची प्रत आणि आपली ओळख सिद्ध करणारी डिजिटल किल्ली स्वतःजवळ असेल तर सर्व्हर बुडाला तरी माणूस दुसरीकडे उभा राहू शकतो. मात्र तेथील बहुतेकांचा मजकूर आणि किल्ली आजही त्या एका कंपनीकडेच आहे.