दाबाचा जमाखर्च

परवा ऐरोलीत सीएनजीच्या रांगेत होते. रिक्षाचा दाबाचा काटा १०० बारवर होता. गॅस भरल्यावर २०० वर गेला आणि पंपावर आकडा आला २ किलो. रिक्षावाले दादा म्हणाले, "ताई, आपली टाकी चार किलोची." १०० बार वाढायला २ किलो, म्हणजे २०० ला ४. सिलिंडर उघडून बघायची गरजच नव्हती.

जमिनीखालचं तेल मोजायची एक रीत अशीच आहे. आपल्या जवळ, उरणला, मुंबई हायचं तेल समुद्राखालच्या पाइपलाइनने येतं. हा साठा १९७४ साली सापडला आणि १९७६ पासून तेल निघू लागलं. तिथे खाली तेलाचं तळं नाही. तेल चुनखडकाच्या बारीक छिद्रांत भरलेलं आहे. मग ते किती, हे कसं कळणार?

शिल्थुइस या अमेरिकी अभियंत्याने १९३६ साली त्याचा जमाखर्च मांडला. तेल काढलं की दाब उतरतो आणि खाली उरलेलं तेल फुगून रिकामी जागा भरतं. दाब १,००० पीएसआयने (हेही बारसारखंच दाबाचं एकक) उतरला तर तेल जेमतेम १ टक्का फुगतं. समजा, १० लाख बॅरल काढल्यावर दाब तेवढा उतरला, तर साठा १० कोटींच्या घरात. खडक आवळतो, त्यातलं पाणीही फुगतं. ते हिशेबात धरलं की आकडा खाली येतो. शिवाय तेलात गॅस विरघळलेला असतो. सोड्याची बाटली उघडल्यासारखा तो वर येताना निसटतो आणि तेल आटतं. त्यामुळे वरचं बॅरल आणि खालचं बॅरल एक धरून चालत नाही.

खरी फसगत पाण्याची. साठ्याला लागून पाण्याने भरलेला खडक असेल, तर ते पाणी आत सरकून दाब धरून ठेवतं. दाब उतरत नाही, म्हणून साठा अफाट वाटतो. हावलेना आणि ओदे या दोन अभ्यासकांनी १९६३ साली या जमाखर्चाचं समीकरण अशा रीतीने मांडलं की आलेखावर सरळ रेषा यावी. रेषा वर वाकली, तर बाहेरून कुणीतरी हातभार लावतंय हे ओळखायचं. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

पण सगळी मदार दाबाच्या नोंदींवर. त्यासाठी विहीर बंद ठेवून, दाब स्थिरावू देऊन, तारेला बांधलेलं मापक खाली सोडतात. तेवढा वेळ त्या विहिरीचं तेल थांबतं, म्हणून ही मोजणी पुढे ढकलायचा मोह होतो. मूळ दाब मात्र उत्पादन सुरू होण्याआधीच मोजावा लागतो. एकदा तेल वाहू लागलं की तो पुन्हा मोजता येत नाही.