मस्से जाळले म्हणजे रोग संपला? नाही बघा
आमच्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गुप्तांगावरचे मस्से जाळून घेतले की लोक म्हणतात झालं, आता कुणाला लागत नाही. हे खरं नाही. डॉक्टर जाळतात ते दिसणारे कोंब, हे मस्से आणणारा एचपीव्ही व्हायरस आजूबाजूच्या कातडीत राहू शकतो, म्हणून पहिल्या 3 महिन्यांत ते परत उगवायची शक्यता जास्त. जखम भरेपर्यंत संबंध नकोच, पुढंही काही महिने कंडोम वापरा, त्यानं धोका कमी होतोय पण उघडी कातडी कातडीला लागते म्हणून पूर्ण जात नाही, तेव्हा जोडीदाराला सांगायलाच पाहिजे. आणि बायकोवर लगेच संशय घेऊ नका हो, हा व्हायरस काही न दिसता वर्षानुवर्षं अंगात राहू शकतो. कॅन्सरची भीतीही उगीच, 10 पैकी साधारण 9 वेळा मस्से या व्हायरसच्या टाइप 6 आणि 11 मुळं होतात, कॅन्सरवाले 16 आणि 18 वेगळे. तरी बायकांनी गर्भाशयाच्या तोंडाची नेहमीची तपासणी चुकवू नये.