एम्प्रेस मिलचा हिशेब : जमशेटजी टाटांची नागपुरातली वर्षे

जमशेटजी टाटांचे नाव निघाले की नागपुरात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून तिथे गिरणी उभारायची म्हटल्यावर इथल्या एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. भराव घालणे म्हणजे सोने मातीत गाडणे, असे त्याचे म्हणणे. गिरणी चालायला लागल्यावर तोच म्हणाला, की या माणसाने माती टाकली आणि सोने काढले. गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती ऐकून जमशेटजी नुसतेच द्रष्टे आणि नशीबवान वाटतात. नुकसान नेमके कोणत्या टप्प्यावर होते ते हुडकायचे आणि पैसा तिथेच घालायचा, हा त्यांचा गुण त्यात हरवतो. तो पाहायचा तर गिरणीच्या कामकाजात शिरावे लागते.

जमशेटजींचा जन्म १८३९ चा, नवसारीचा. १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. दुसऱ्या वर्षी चिंचपोकळीची बुडीत निघालेली तेलगिरणी घेऊन तिची सूतगिरणी केली आणि दोनेक वर्षांत ती फायद्यात विकून टाकली. मग इंग्लंडमधल्या लँकेशायरला जाऊन कापडधंदा जवळून पाहिला. १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलाची त्यांची ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ निघाली, तेव्हा मुंबईचे बहुतेक गिरणीवाले मुंबईतच गिरण्या बांधत होते.

नागपूरची निवड वजनाच्या हिशेबावर झाली. शंभर किलो कपाशीतून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, बाकी सरकी. रुईच्या गाठीतही माती, पानांचा चुरा आणि आखूड तंतू असतातच. ब्लोरूम (रुई झोडून साफ करणारे खाते) आणि कार्डिंगमध्ये (पिंजणीत) ते बाहेर पडतात. हिंगणघाट-वर्ध्याचा कापूस आठशे किलोमीटरवर मुंबईला पाठवायचा आणि त्याचेच सूत परत इथल्या कोष्ट्यांना विकायचे, म्हणजे त्या कचऱ्याचेही भाडे भरायचे आणि वर येण्याजाण्याचा दुहेरी खर्च. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६७ मध्येच नागपुरात पोचली होती. बॉयलरसाठी लागणारा कोळसा चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात वरोऱ्याला होता. मुंबईच्या गिरण्या तो बोटीने विलायतेतून आणत. जमीन स्वस्त होती. ज्या जुम्मा तलावाकाठी ती मिळाली तो आजचा गांधीसागर. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, गिरणीचे उद्घाटन झाले आणि एम्प्रेस हे नाव पडले. सुरुवातीला सूत कातायच्या चात्या दोन पद्धतींच्या होत्या, १५,५५२ थ्रॉसल आणि १४,४०० म्यूल, आणि कापड विणायला ४५० माग होते.

व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहतांना आणले. ते रेल्वेच्या मालवाहतुकीतले. कापडातले त्यांना काही ठाऊक नव्हते. आमच्या मते ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. बंदरापासून इतक्या दूर असलेल्या गिरणीत एक पट्टा किंवा दातेरी चाक वेळेवर आले नाही तर अख्खे खाते बसते. डबे, गोदाम, माल आणि माणसे यांचे वेळापत्रक सांभाळणारा माणूस तिथे आधी हवा. यंत्रांसाठी जेम्स ब्रुक्सबी हे इंग्रज तंत्रज्ञ होतेच. बेझनजी पुढे ‘सर’ झाले. बेझनबाग या वस्तीचे नाव त्यांच्यावरून आले आहे.

पहिली काही वर्षे मात्र वाईट गेली. यंत्रे घेताना काटकसर केलेली होती. सूत कमी निघे, निघे ते उतरत्या प्रतीचे, आणि शेअरचा भाव कोसळला. जमशेटजींनी खापर मजुरांवर किंवा कापसावर फोडले नाही, यंत्रे बदलायला घेतली.

यातच रिंग चात्यांचा प्रयोग आला. थ्रॉसलमध्ये, म्हणजे गिरणीच्या बोलीतल्या त्रासनात, चातीबरोबर जड फ्लायर, म्हणजे धाग्याला पीळ देणारा धातूचा हात, फिरतो. वेग वाढवला की तो थरथरतो आणि धागा तुटतो. म्यूलमध्ये गाडा पुढे जाताना धागा ओढला आणि पिळला जातो, आणि गाडा मागे येताना तो गुंडाळला जातो. त्या वेळात नवे सूत निघत नाही, शिवाय मुरलेला कारागीर लागतो. रिंगमध्ये फ्लायरच नाही. कड्यावर बसवलेला ट्रॅव्हलर नावाचा इवलासा आकडा धाग्याच्याच ओढीने फिरतो, चातीपेक्षा किंचित मागे राहतो, आणि त्या फरकाएवढा धागा चातीवरच्या बॉबिनवर (रिळावर) चढतो. पीळ आणि गुंडाळणी एकाच वेळी, न थांबता. विदर्भाच्या आखूड धाग्याच्या कापसातून निघणाऱ्या जाड्या सुताला हे चांगले मानवते. लँकेशायरचा रिंगवर विश्वास बसायला अजून अवकाश होता. जमशेटजींनी आधी थोड्या चात्या लावल्या, ब्रुक्सबींकडून वेग वाढवून घेतला, निघालेले सूत तपासले आणि मगच बाकीच्या बदलल्या. ही पायरी वगळून आजही कित्येक कारखानदार हात पोळून घेतात.

वेग वाढला की हवा आडवी येते. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये कापूस इतका कोरडा होतो की तंतूंत वीज साठते, ते एकमेकांपासून फाकतात आणि धागा पटापट तुटतो. रिंग खात्यात साधारण ५५ ते ६० टक्के आर्द्रता हवी, मागावर ७५ ते ८०. म्हणून एम्प्रेसमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रे बसली. उडणारी रुई पेट घेते म्हणून आग विझवणारे फवारेही बसले. दोन्ही गोष्टींवर त्या काळी बहुतेक गिरण्या खर्च करत नसत.

यंत्रे आणि हवा यांच्यानंतरची तिसरी गळती माणसांची. कधी कधी पाचातला एक कामावर नसे. पेरणी, निंदण, कापूस वेचणी आली की गावाची ओढ लागायचीच. तुटलेला धागा सांधायला हात नसला तर चाती फिरत राहते आणि पेळू (कातायच्या रुईची वात) वाया जातो, म्हणजे गैरहजेरीचे नुकसान थेट सुतात मोजता येते. दंडाने हे सुटणारे नव्हते. नियमित हजेरीला बक्षिसे सुरू झाली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई आली. कामगार भरपाईचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. यामागे माया नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. ती होती आणि हिशेबाशी तिचे भांडण नव्हते.

जमशेटजींचे चरित्र सांगताना कुर्ल्याचा भाग मात्र घाईने उरकला जातो. १८८६ मध्ये त्यांनी बारीक सूत काढण्यासाठी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांना घेतली आणि तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले. किंमत स्वस्त वाटली, पण यंत्रे खिळखिळी होती. नागपुरात दहा वर्षांपूर्वी जी काटकसर नडली होती, तीच इथे मोठ्या रकमेत अंगावर आली. त्यांनी एम्प्रेसचे स्वतःचे काही शेअर विकून पैसा उभा केला, जुनी यंत्रे टप्प्याटप्प्याने काढली आणि नागपुरात तयार झालेली माणसे कुर्ल्याला नेली. मिल मार्गी लागायला काही वर्षे गेली, आणि त्या वर्षांत तिला टेकू होता तो नागपूरच्या गिरणीचा.